अर्ध्या गोळीची वाटणी

माझ्या सासऱ्यांनी दोन मुलींसाठी मागे काय ठेवलं असं कोणी विचारलं, तर मी 'पाय' असं उत्तर देतो. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. करतोच, पण उत्तर खरं आहे. संध्याकाळ झाली आणि माणूस जरा टेकला, की पोटरीच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, खुपत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की थांबतं, बसलं की पुन्हा सुरू. सासरे रोज संध्याकाळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे, जेवायचेही उभ्यानेच, आणि शेजारीपाजारी त्यांना लंबक म्हणायचे. माझी बायको, म्हणजे थोरली, आणि माझी मेहुणी, म्हणजे धाकटी, दोघींच्या वाट्याला हा लंबक सारखा आला.

सारखा हा शब्द मी जपून वापरला आहे. त्या घरात सगळंच सारखं वाटलं जायचं. सासूबाईंचा नियम असा, की थोरलीने कापायचं आणि धाकटीने आधी उचलायचं. मग ते कलिंगड असो, केसांची फीत असो नाहीतर खोडरबर. आधी उचलणारी मोठा भाग नेणार हे ठरलेलं, त्यामुळे कापणारीचा हात आपोआप तयार होतो. मी जन्मभर गोदामात साठा तपासला. कागदावर काय आणि फळीवर काय, यातला फरक काढणं हा माझा धंदा. पण आमच्या हिने केलेल्या दोन भागांत मला आजतागायत फरक काढता आलेला नाही.

ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, आता निवृत्त आहे. तिचे पाय हलले तर नुकसान माझं एकट्याचं. पलंगावर माझ्या बाजूची चादर रोज माझ्याआधी जागी होते, एवढंच. धाकटीची गोष्ट वेगळी. ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या डाव्या विंगेत एक खुर्ची, खुर्चीवर ती, मांडीवर नाटकाची प्रत, वर एक मिणमिणता दिवा. नट अडखळला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द ती श्वासावर सोडते. प्रेक्षकांना ऐकू जात नाहीत, नटाला जातात. असं ती तरुण होती तेव्हापासून करतेय. कंपनीचे मुख्य नट आता वयस्कर झालेत. आयुष्यभर राजे आणि बादशहा केले, म्हणून सगळे त्यांना सम्राट म्हणतात. सम्राटांचा रुबाब शाबूत आहे, पाठांतराचं राज्य मात्र गेलंय, आणि ते राज्य धाकटी विंगेतून चालवते.

आता बघा, नाटकं असतात संध्याकाळी. पाय चाळवतात संध्याकाळी. आणि प्रॉम्प्टरने बसायचं असतं खुर्चीत, हलायचं नसतं. मागच्या नाटकात सम्राट मुलाच्या प्रेताशी बोलतात असा प्रवेश होता. सगळं थिएटर चिडीचूप, आणि विंगेतून खसखस, खसखस. धाकटीचे पाय लाकडी फळीवर घासत होते. दिग्दर्शकाने पडदा पडल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं, की नवं नाटक येतंय, त्यात असं झालं तर सम्राटांच्या कानात यंत्र बसवू, माणूस नको. तो वाईट माणूस नाही. त्याने हे हळू आवाजात सांगितलं. पण धाकटी आमच्याकडे आली तेव्हा बसलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत चालत राहिली आणि चालता चालताच म्हणाली, "ताई, ती खुर्ची गेली तर माझ्याकडे नुसते पायच उरतील."

यावर हिने एरवी चार गोष्टी सुनावल्या असत्या.  त्याऐवजी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात चौकशीला गेली आणि एक बातमी घेऊन आली. अस्वस्थ पायांवरच्या एका औषधाचा अभ्यास तिथे चालू होता आणि त्यासाठी माणसं हवी होती.

अभ्यास करणारे डॉक्टर तरुण होते. टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत ठेवायचे, आणि बोलताना पेनाचं टोपण काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. त्यांनी आम्हांला नीट समजावलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच लागणारी पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला काय, हे ना घेणाऱ्याला कळणार ना देणाऱ्याला. चिठ्ठ्या दुसऱ्याच ठिकाणी बंद. "म्हणजे तुम्हांलाही नाही माहीत?" हिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, मलाही नाही. हिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखतो. आपण नळ दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाने 'मला पाण्यातलं फारसं कळत नाही' म्हटल्यावर जे उमटतं, ते.

त्यांनी आणखी एक विचारलं. तुमच्या घरातलं दुसरं कोणी या अभ्यासात आहे का? ही नाही म्हणाली. आठवडाभराने धाकटी गेली, तिनेही नाही म्हटलं. नंतर मी हे काढलं तेव्हा मला दोघींनी मिळून वेड्यात काढलं. एक घर खाली, एक वर. चूल वेगळी, विजेचं बिल वेगळं, लग्नामुळे आडनावंही वेगळी. मग घरातलं कोण? कागदावर बरोबर होतं. फळीवरचं मला दिसत होतं, पण गोदाम आता माझं नव्हतं.

पहिल्या बाटल्या आल्या. संध्याकाळी एक गोळी घ्यायची. डोस सुरुवातीला अगदी कमी, महिन्याने वाढणार. आमची ही पहिल्या आठवड्यातच सुधारली. सुधारली म्हणजे काय, संध्याकाळी माझ्या शेजारी बसून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायला लागली. इतक्या वर्षांत मला पेपर सलग कधी मिळाला नव्हता हे खरं, पण आता तो मुळीच मिळेना. ती पलंगावर ओंडक्यासारखी झोपायची. चादर जागच्या जागी. मीच दचकून उठायचो आणि तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचो. डॉक्टरांच्या प्रश्नांना ती अशी ठणठणीत उत्तरं द्यायची, की ते लिहिता लिहिता टोपण विसरायचे.

धाकटीला मात्र काडीचाही फरक नव्हता. ती मुळातच संशयी. नटांबरोबर आयुष्य गेल्यावर माणूस होतोच. तिने पहिल्याच दिवशी गोळी जिभेवर ठेवून जाहीर केलं होतं, की ही खडूची आहे. आता तालमी सुरू झाल्या होत्या. ती रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन नाटकाची प्रत ओट्यावर ठेवायची आणि चालत चालत सम्राटांचे संवाद म्हणायची. ही भांडी विसळता विसळता राणीचे संवाद वाचून दाखवायची. कुठे श्वास, कुठे थांबा, कुठे सम्राट हमखास घसरणार, सगळं दोघींचं ठरत गेलं. मी चहाचा कप घेऊन मध्ये बसलेला असायचो आणि धाकटी मला वळसा घालून जायची, चौकातल्या पुतळ्याला घालतात तसा.

एकदा अशीच फेरी घालता घालता ती थांबली. हिच्या पायांकडे बघत राहिली. पाय टेबलाखाली एकमेकांवर निवांत ठेवलेले. धाकटी म्हणाली, "खरी तुला मिळाली." रागाने नाही म्हणाली. पाऊस तुमच्याकडे पडला, आमच्याकडे नाही, असं म्हणावं तसं म्हणाली. पण ते हिला लागलं. मोठ्या बहिणीच्या ताटात मोठा तुकडा आला होता, आणि तोही न कापता.

महिना भरला, नव्या डोसाच्या बाटल्या आल्या. त्या संध्याकाळी हिने दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी काढून पोळपाटावर ठेवली. पांढऱ्या, गोल, मधोमध रेघ. चाकूने दोन्ही बरोबर मधून कापल्या. आपल्या गोळीचा अर्धा आणि तिच्या गोळीचा अर्धा असे दोन ढीग केले आणि म्हणाली, उचल. धाकटीने सवयीने आधी उचललं.

मी म्हटलं, अगं, हे काय चाललंय, त्या पोराचा अभ्यास आहे तो. मग हिने मला समजावलं. डॉक्टरांनी मोजून गोळ्या दिल्या आहेत ना, मोजून संपणार. रिकाम्या बाटल्या परत जाणार. एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही. यात गडबड कुठे आहे ते दाखवा. धाकटीने भर घातली, "भावोजी, तुम्हांला शिलकेशी मतलब. शिल्लक बरोबर येईल." आणि खरंच, पुढच्या भेटीला बाटल्या इतक्या चोख परत गेल्या, की डॉक्टरांनी या दोन बायकांचं, वेगवेगळ्या दिवशी, स्वतंत्रपणे कौतुक केलं. आपल्या अभ्यासातले सर्वांत शिस्तीचे लोक म्हणाले.

वाटणीनंतर धाकटीला बरं वाटू लागलं. अगदी थांबलं नाही, पण पाय ऐकायला लागले, असं ती म्हणायची. आणि आमच्या हिचं बिघडलं. वर्तमानपत्र माझ्याकडे परत आलं. पलंगावर चादर पुन्हा सरकू लागली.  ही संध्याकाळी उगाच कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा करायची, कारण ते काम उभ्याने करता येतं. मी एकदा म्हटलं, अर्ध्यावर भागत नाही वाटतं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पेपरात तोंड घातलं.

शुभारंभाचा प्रयोग जवळ आला. रंगीत तालमीत, म्हणजे वेशभूषेसकट होणाऱ्या शेवटच्या तालमीत, दुसऱ्या अंकात धाकटीचा पाय पुन्हा घासला. एकदाच. दिग्दर्शकाने विंगेकडे बघितलं. धाकटी त्या दिवशी आमच्याकडे आलीच नाही. वरच्या मजल्यावर तिची पावलं मात्र ऐकू येत होती. आमच्या छताच्या लांबीच्या बाजूने, मग रुंदीच्या. ही खाली उभी राहून वर बघत होती, आणि तिचे स्वतःचे पाय त्याच तालात जागच्या जागी पडत होते.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ही जिना चढून वर गेली आणि आपल्या बाटलीतली अख्खी गोळी धाकटीच्या हातावर ठेवून आली. तुझीही पूर्ण घे, माझीही पूर्ण घे, आज वाटणी नाही. मला हे ती खाली आल्यावर कळलं. मी विचारलं, आणि तू? ती म्हणाली की मी काय, मी प्रेक्षकांत बसणार आहे, माझे पाय कोणाला ऐकू जाणार.

धाकटी दोन्ही गोळ्या गिळून आपल्या स्कूटरवरून थिएटरला गेली. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आमची ही ते अजून विसरलेली नाही.

आम्ही चौथ्या रांगेत कडेला बसलो होतो. पहिला अंक निम्मा झाला नाही तोच हिने पाय बदलला. मग पुन्हा बदलला. मग गुडघा हलवू लागली आणि पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांची पाठ त्याबरोबर हलू लागली. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे कसं बघणार म्हणून. औषध सुटलं की त्रास दुप्पट होऊन येतो असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्याकडे पाहून मला ते पटलं. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि ती उठलीच. कडेच्या दाराने आत जाते म्हणाली, मागे चालायला मोकळी जागा असते. दारावरचा माणूस प्रॉम्प्टरबाईंच्या बहिणीला ओळखत होता. मी तिच्या मागे गेलो. उगाच कुठे अडखळली तर.

आत अंधार, दोर, उभ्या केलेल्या चौकटी, रंगाचा वास. नेपथ्याच्या मागे एक अरुंद पट्टा होता, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिने चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी फेऱ्या सुरू केल्या. पलीकडे सम्राट बोलत होते. राज्य सोडताना मुलाला उद्देशून मोठं भाषण आहे. त्यात तीन ठिकाणी ते घसरणार हे मलासुद्धा पाठ झालं होतं. पहिली जागा आली. सम्राट थांबले. त्यांची थांबण्याची एक खास तऱ्हा आहे, लोकांना वाटतं भावना दाटून आली. विंगेतून दोन शब्द यायला हवे होते.

आले नाहीत.

सम्राटांनी भावना आणखी दाटू दिली. ही पट्ट्याच्या मध्यावर थबकली आणि मग भराभर डाव्या विंगेकडे गेली. मीही गेलो. दिवा चालू होता. प्रत मांडीवर उघडी, बरोबर त्याच पानावर, बोट ओळीवर ठेवलेलं. आणि धाकटीची हनुवटी छातीवर. ती गाढ झोपली होती. ज्या पायांसाठी हे सगळं चाललं होतं ते पाय जोडीने टेकलेले, एखाद्या शहाण्या मुलीसारखे स्तब्ध.

हिने तिला हलवलं नाही. हलवली असती तर ती दचकून काहीतरी बोलली असती. हिने तोंड उघडलं आणि पुढची ओळ म्हटली. पाठच होती, आमच्या ओट्यावर घासूनपुसून झालेली. फक्त हिला श्वासावर बोलता येत नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉलवर ओरडून ओरडून जो आवाज तयार झाला तो चौथ्या रांगेपर्यंत सहज पोचला असणार. सम्राट क्षणभर विंगेकडे बघत राहिले, मग त्यांनी ती ओळ उचलली. पुढच्या दोन जागांनाही हिने शब्द दिले, आता जरा खालच्या आवाजात, आणि नेपथ्यामागे चालत चालत. कारण एका जागी उभं राहणं तिला शक्य नव्हतं. सम्राट उजवीकडे गेले की ही मागून उजवीकडे, ते डावीकडे आले की ही डावीकडे. अंक संपला. टाळ्यांनीही धाकटी जागी झाली नाही. खांदे गदागदा हलवल्यावर झाली, आणि आधी प्रतीच्या पानाकडे पाहिलं. पान तेच होतं, बोटही त्याच ओळीवर. तिला वाटलं काही झालंच नाही.

यात भीतीदायक काय होतं ते मला नंतर समजलं. झोप येतेय, डोळे जड झालेत, जांभई, यातलं काहीच तिला आठवत नव्हतं. एका शब्दावर ती जागी होती आणि पुढच्या शब्दावर नव्हती. दिग्दर्शकाने प्रयोग संपल्यावर एवढंच विचारलं, की पाय घासले नाहीत ते उत्तम, पण तुम्ही कुठे होता? आणि मग म्हणाला, उद्या बोलू.

घरी परतताना स्कूटर हिने तिथेच ठेवायला लावली. तीन जण एका टॅक्सीत बसलो.  मग हिने डॉक्टरांना सगळं सांगायचं जाहीर केलं. धाकटी एकदम जागी झाली. सांगितलं की दोघींनाही काढणार, औषध बंद होणार, आणि औषध बंद म्हणजे खुर्ची बंद. थोडे दिवस थांब, गोळी अर्धीच घेते, नाटक जरा लागू दे. तिने वेगवेगळ्या तऱ्हेने हेच सांगून पाहिलं. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू येताना स्कूटर चालवत होतीस. तेव्हा झोपली असतीस तर मी खुर्ची कोणाला देऊ?"

यावर वाटणी करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत. त्यांनी आधी हिला पाहिलं, मग हिच्या मागून धाकटीला, आणि दोघी एकदम कशा, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आला. दोघींच्या कपाळाची ठेवण एकच आहे, शेजारी उभ्या राहिल्या की लपत नाही. हिने सुरुवातीपासून सांगितलं. खालचं घर, वरचं घर, पोळपाट, चाकू, कालच्या दोन अख्ख्या गोळ्या. डॉक्टर रागावले नाहीत, पण पांढरे पडले. पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. टेबलाखाली त्यांचा गुडघा हलत होता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्हांला मी सांगितलेलं समजलं नव्हतं का? ही म्हणाली, समजलं होतं की, निम्म्यांना खरी मिळणार असं तुम्हीच म्हणालात, आम्ही प्रत्येकीला निम्मी खरी मिळेल असं केलं.

मग त्यांनी फोन लावला. कालच्या झोपेचं कारण शोधायचं तर धाकटीच्या पोटात काय गेलं ते कळायला हवं, आणि पोटात दोन्ही बाटल्या गेल्या होत्या. म्हणून दोन्ही चिठ्ठ्या उघडाव्या लागल्या. ते फोनवर ऐकत असताना आमची ही धाकटीच्या हातावर थोपटत होती. खरी माझी होती हे कळून पोरीला वाईट वाटू नये, अशा बेताने.

डॉक्टरांनी फोन ठेवला. "औषध यांच्या बाटलीत होतं," ते धाकटीकडे बघून म्हणाले. आणि हिच्याकडे वळले. "तुमच्या बाटलीत नव्हतं."

थोपटणारा हात थांबला.

मी डोक्यात जमाखर्च मांडू लागलो आणि तो काही केल्या जुळेना. पहिला महिना हिने खडू खाल्ला आणि ओंडक्यासारखी झोपली. धाकटीने औषध खाल्लं आणि चालत राहिली. मग वाटणी केली. हिला आयुष्यात पहिल्यांदा अर्धं औषध मिळालं, आणि ही बिघडली. धाकटीचं निम्मं औषध गेलं, आणि ती सुधारली. डॉक्टरांनी समजावलं. पहिला डोस फार लहान होता, त्याने धाकटीला फरक न पडणं शक्य आहे. दुसऱ्या डोसाचा अर्धा भाग जवळजवळ पहिल्याइतकाच. कालची पूर्ण गोळी मात्र तिला सोसली नाही, या औषधाने काहींना अशी अचानक झोप लागते, म्हणून तर डोस हळूहळू वाढवतात आणि लक्ष ठेवतात. आणि बिनऔषधाच्या गोळीने पाय शांत होणारे लोक या आजारात पुष्कळ सापडतात, ते ढोंग नसतं.

"मग माझे पाय शांत कोणी केले?" हिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, तेच आम्ही शोधतोय.

"आणि काल ते दुपटीने उठले, ते औषध सोडल्यामुळे की खडू सोडल्यामुळे?"

डॉक्टरांनी टोपण घातलं आणि या वेळी काढलं नाही. धाकटीला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग मोकळं. आमची ही आधी रागावली, मग तिलाही आवरेना. मी डॉक्टरांकडे बघत होतो. त्या बिचाऱ्याची सर्वांत शिस्तीची दोन माणसं समोर बसून हसत होती आणि दोन्ही त्याला वजा करायची होती. निघताना हिने अगदी गंभीरपणे विचारलं, की पहिल्या महिन्यातली ती माझी गोळी आणखी मिळेल का? मिळणार नाही म्हणाले. धाकटीचं रक्त तपासायला घेतलं. अंगात लोह कमी असेल तरी पाय असे करतात, ते बघू, आणि औषध लागलंच तर अभ्यासाबाहेर, अगदी थोडं, आणि स्कूटरला हात लावायचा नाही, असं ठरलं. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा ते आपल्या छापील प्रश्नांमध्ये हाताने एक ओळ वाढवत होते. वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांविषयी असणार, असा माझा अंदाज.

राहिली खुर्ची. धाकटी दिग्दर्शकाला भेटायला गेली, आणि हिने आग्रह धरला म्हणून आम्हीही बाहेर उभे राहिलो. दार अर्धं उघडं होतं. धाकटीने खरं ते सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला की मला वाईट वाटतं, पण जी बाई एक तर पाय घासणार नाहीतर झोपणार, तिला त्या खुर्चीत मी कसं बसवू. यंत्र मागवलंय.  धाकटीच्या पावलांचा आवाज तेवढा येत होता, इथून तिथे, तिथून इथे.

कोपऱ्यात सम्राट बसले होते हे आम्हांला ते बोलल्यावर कळलं. त्यांनी यंत्राविषयी आपलं मत दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, "काल मला हव्या त्या जागी शब्द मिळाला. डावीकडे यावं लागलं नाही. इतकी वर्षं मी निम्मी नाटकं डाव्या विंगेच्या तोंडाशी उभं राहून केली, आणि लोकांना वाटलं ती माझी शैली आहे." त्यांना खुर्ची नको होती, आवाज हवा होता. दिग्दर्शकाने पाय वाजतील म्हटलं. सम्राट म्हणाले, काल वाजले का?

काल ही अनवाणी होती. धाकटीला थंड फरशीवर अनवाणी चालवत नाही, म्हणून हिने घोंगडीच्या तुकड्यांचे जाड मोजे शिवले. कापले हिने. जोडी मात्र एकच होती.

नाटक चालू आहे, आणि धाकटी आता नेपथ्यामागे चालत चालत शब्द देते. खुर्ची डाव्या विंगेत अजून आहे, तिच्यावर दोर ठेवतात. धाकटीचे पाय बरे झालेले नाहीत. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, फरक आहे म्हणते, पण तिचं म्हणणं आता मी लिहून घेत नाही. दिग्दर्शक अजून सावध आहे. मागच्या प्रयोगाला एक मोजा फाटला आणि तिसऱ्या अंकात एक पाऊल वाजलं. त्याने विंगेकडे बघितलं, पण सम्राट त्याच वेळी खोकले. ते खोकणं मुद्दामचं होतं की म्हातारपणाचं, हे सांगता येत नाही.

मी चौथ्या रांगेत कडेला बसतो. सम्राट उजवीकडे निघाले की मागचा रंगवलेला राजवाडा अगदी किंचित हलतो, खांब आणि कमानी एकापाठोपाठ, उजवीकडे. पहिल्या अंकापुरती ही माझ्या शेजारी असते. मग गुडघा सुरू होतो, पुढचा कोणीतरी मागे वळून माझ्याकडे बघतो, आणि ही चपला हातात घेऊन कडेच्या दाराने आत जाते. त्यानंतर राजवाडा दोनदा हलतो.